कपाटाला काढा

रग्बीच्या राष्ट्रीय संघातून 'कपाट'ला काढून टाकावं, हे माझं वैयक्तिक मत होतं. ते मी वैयक्तिकच ठेवलं असतं, तर माझी पाठ, माझी प्रतिष्ठा आणि शेजाऱ्यांशी असलेले माझे संबंध हे तिन्ही आज धडधाकट असते.

'कपाट' हा आमच्या संघाचा पुढच्या रांगेतला खेळाडू. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि पासपोर्ट ऑफिसला ठाऊक असावं. बाकी सगळा देश त्याला कपाटच म्हणायचा. उंची दारापेक्षा जराशी कमी, रुंदी दारापेक्षा जराशी जास्त. चौदा वर्षं तो देशासाठी स्क्रममध्ये उभा होता. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकतात, डोक्याला डोकं अडकवतात आणि समोरच्याला ढकलतात, मधे कुठेतरी चेंडू असतो. हे मी माझ्या मेहुण्यासाठी सांगतोय. आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांना रग्बी कळतं, असं गृहीत धरलेलं आहे.

स्पर्धा आमच्याच देशात भरली होती आणि आमची खरी निवड समिती बसायची टेलरमास्तरांच्या दुकानात. तिथे इस्त्रीच्या टेबलाच्या वर, भिंतीला ठोकलेल्या फळीवर टीव्ही होता. मास्तर एक डोळा सामन्यावर आणि एक डोळा इस्त्रीवर ठेवत. पहिल्या सामन्यात ते दोन्ही डोळे एकदम सामन्यावर गेले, आणि बँकेच्या मॅनेजरसाहेबांच्या पँटवर मागच्या बाजूला इस्त्रीचा संपूर्ण नकाशा उमटला. मास्तरांच्या मते ही चूक रेफरीची.

दुसरा सामना आपण हरलो, तेव्हा मी म्हणालो, "कपाट उंच जातोय."

मास्तरांनी इस्त्री उभी करून ठेवली. समोरच्या स्टुलावर आमचे डॉक्टर बसले होते. ते दातांचे डॉक्टर. निवृत्त झालेले, पण समोरचा बोलायला लागला की अजूनही त्याच्या तोंडात बघतात.

"उंच म्हणजे?" त्यांनी माझ्या खालच्या दाढेला विचारलं.

"स्क्रममध्ये शिरताना मान वर ठेवतोय. पूर्वी वाकायचा तसा वाकत नाही. त्यामुळे उजवी बाजू कोसळते. थकलाय तो. त्याच्या जागी 'ट्रॅक्टर'ला घ्या."

ट्रॅक्टर हा तेवीस वर्षांचा नवा गडी. त्याची मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, यावर तज्ज्ञांत मतभेद होते.

मास्तरांनी लगेच बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. काळी बटणं आपली, पांढरी समोरच्यांची, आणि कपाट म्हणून ओव्हरकोटाचं मोठं बटण. डॉक्टर म्हणाले, "स्क्रम म्हणजे जबडा. कपाट ही दाढ आहे. दाढ हलतेय म्हणून लगेच उपटत नाहीत." मास्तर म्हणाले, "दोष कपाटाचा नाही, जर्सीचा आहे. काखेत शिवण सैल आहे, समोरच्याला धरायला आयतं कापड मिळतं." मेहुणा म्हणाला, "पण हे लोक चेंडू पुढे का फेकत नाहीत?" रग्बीत चेंडू पुढे फेकणं हाच गुन्हा असल्यामुळे त्याला गप्प करण्यात आलं.

"मी स्वतः खेळलोय," असं मी सांगून टाकलं. कॉलेजात मी एक सीझन खेळलो होतो. नेमकं सांगायचं तर एकच सामना, आणि त्यातलीही शेवटची अकरा मिनिटं. पण सीझन तोच होता, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

"मग लिहा ना रग्बी महामंडळाला," डॉक्टर म्हणाले. "इथे बसून बोलायला काय लागतं?"

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं, पण लागलं मला ते आव्हानासारखं. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात आहे. बावीस वर्षं लोकांची पत्रं वाचतोय. मुद्देसूद पत्र कसं असावं, हे मला कळणार नाही तर कोणाला?

माझं मूळ पत्र अर्ध्या पानाचं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते दुकानात वाचून दाखवलं, ही माझी पहिली चूक. डॉक्टर म्हणाले, चर्चा इथे झाली आहे, तेव्हा आमचीही मतं यायला हवीत. त्यांनी दातांवर बसवायच्या संरक्षक कवचाबद्दल दीड पान जोडलं. मास्तरांनी शिवणीचा मुद्दा आकृतीसह दिला. मेहुण्याने "चेंडू पुढे फेकण्याबाबत विचार व्हावा" ही ओळ घालायला लावली, आणि तो बायकोचा भाऊ असल्यामुळे ती मला ठेवावी लागली. शेवटी पत्र साडेचार पानांचं झालं. मुद्दे अकरा.

अर्धा दिवस रजा टाकून मी ते घेऊन रग्बी महामंडळाच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पत्र हातात न घेताच विचारलं, "वैयक्तिक का?"

"वैयक्तिक म्हणजे, जनतेच्या वतीने."

"व्यक्तींची पत्रं आम्ही घेत नाही. नोंदणीकृत समर्थक मंडळाकडूनच आलं पाहिजे. नमुना क. किमान सात सदस्य, त्यात दोन महिला, घटना, उद्दिष्टं."

"पण बाई, परवा तिसरा सामना आहे."

"अर्ज अपूर्ण आहे," बाई म्हणाल्या.

हे वाक्य मी बावीस वर्षं लोकांना ऐकवत आलो आहे. काउंटरच्या या बाजूने ते असं ऐकू येतं, याची मला कल्पना नव्हती. ऑफिसात परतल्यावर मी त्या दिवशी तिघांचे अपूर्ण अर्ज घेतले. चौथ्याला मात्र परत पाठवला. माणसाने किती बदलावं यालाही मर्यादा आहे.

सात सदस्य जमवणं सोपं नव्हतं. मी, डॉक्टर, मास्तर, मेहुणा आणि मास्तरांच्या घरच्या वहिनी मिळून पाच. आमच्या हिला मी उपाध्यक्ष केलं. ही शाळेत भूगोल शिकवते आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही. तिने लाल पेनने घटनेतल्या चौदा चुका काढल्या.

"आणि हे कलम नऊ काय आहे? 'अध्यक्षांच्या सहीचे पत्र हेच मंडळाचे मत मानले जाईल'?"

"तशी पद्धत असते."

"अध्यक्ष कोण आहे?"

"मी."

"वाटलंच," म्हणत तिने सही केली.

सातवे सदस्य वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. ते फुटबॉलवाले. त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीचा अर्ज समजून सही केली, आणि त्यांचा गैरसमज दूर करण्याची ती वेळ नव्हती.

मंडळाची नोंदणी झाली. तिसरा सामना आपण जिंकलो, चौथा रडतखडत जिंकलो आणि बाद फेरीत पोचलो. कपाट उंचच जात होता. पत्र द्यायला मी पुन्हा गेलो, तर बाईंनी आधी माझ्याच हातात एक लिफाफा ठेवला. नमुना क पूर्ण भरणारं देशातलं एकमेव मंडळ आमचं होतं. त्यामुळे बाद फेरीच्या सामन्याआधी होणाऱ्या 'समर्थक संवादा'चं निमंत्रण फक्त आम्हालाच आलं होतं. "चार प्रतिनिधींनी खेळाच्या पोशाखात सराव मैदानावर हजर राहावे व आपले म्हणणे प्रशिक्षकांसमोर मांडावे. पत्र तेथेच दाखवून नंतर काउंटरवर दाखल करावे."

खेळाच्या पोशाखात! मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी दुकान बंद ठेवून चार जर्स्या शिवल्या, काखेत घट्ट. मापं घेताना माझ्या पोटाचा आकडा त्यांनी मोठ्याने उच्चारला, आणि वहिनींनी तो आतून "किती?" असं विचारून पुन्हा वदवून घेतला.

गुरुवारी सकाळी आम्ही चौघं मैदानावर उभे राहिलो. टीव्हीवर खेळाडू मोठे दिसतात. प्रत्यक्षात ते मोठे नसतात, ते हवामान असतात. म्हणजे ते जवळ आले की ऊन जातं. प्रशिक्षक मात्र किडकिडीत होते, आणि बरेच दिवस झोप न झाल्यासारखे दिसत होते. मी पत्र वाचायला घेतलं. पहिल्या मुद्द्याच्या मध्यावर त्यांनी हात वर केला.

"खांदा खाली, मान खाली. म्हणजे किती खाली? कागदावर मला कळत नाही. दाखवा."

"मी?"

"तुम्ही खेळलेले आहात असं वर लिहिलंय."

ते वाक्य मी लिहिलं नव्हतं. ते डॉक्टरांनी आदरापोटी घातलं होतं.

कपाटाने आपली जागा मला रिकामी करून दिली. समोर ट्रॅक्टर. "कोणी जोर लावायचा नाही," प्रशिक्षक म्हणाले, "फक्त वाकायचं." मी वाकलो. माझं डोकं ट्रॅक्टरच्या खांद्याखाली एका दमट, अंधाऱ्या जागी गेलं. बाहेरून मेहुण्याचा आवाज आला, "भाऊजी, अजून खाली!" मी अजून खाली गेलो. कमरेत काहीतरी 'कट्' झालं.

पुढच्या काळात माझ्याबद्दल बरंच काही बोललं गेलं, म्हणून इथे एकदाच स्पष्ट करतो. मला कोणीही ढकललं नाही. सगळे बाजूला झाले, तरी मी तसाच होतो. जमिनीकडे तोंड करून, काटकोनात.

"काका, श्वास घ्या," कोणीतरी म्हणालं आणि मला तशाच आकारात उचललं. तो कपाट होता. माझ्यापेक्षा जेमतेम अकरा वर्षांनी लहान, आणि मला काका म्हणाला. पण स्टूल उचलून नेताना त्याचे पाय कुठे आपटू नयेत अशी काळजी घ्यावी, तसं त्याने मला बाकापर्यंत नेलं, कुशीवर टेकवलं, पाठीला बर्फ लावला आणि स्वतःच्या मानेलाही एक पिशवी बांधून शेजारी बसला. तिकडे डॉक्टर ट्रॅक्टरचे दात तपासत होते.

माझ्या हातातलं पत्र मघाशी गवतावर पडलं होतं. कपाटाने ते उचललं आणि वाचायला लागला. मला वाटलं, बर्फासकट वितळून जावं.

"ते... सगळं माझं नाही," मी म्हणालो. "दीड पान डॉक्टरांचं आहे."

तो वाचत राहिला. मग म्हणाला, "पहिला मुद्दा कोणाचा?"

"माझा," मी जमिनीला सांगितलं.

"बरोबर आहे. चार महिन्यांत एकाही तज्ज्ञाने हे पाहिलं नाही. तुम्हाला कुठून दिसलं?"

"टेलरच्या दुकानातून."

तो हसला. मग डाव्या हाताची बोटं त्याने उघडली, मिटली. "मान खाली घातली की हा हात जातो, काका. मुंग्या येतात, मग काहीच येत नाही. मुलीच्या युनिफॉर्मची बटणं लावता येत नाहीत मला सकाळी. ती म्हणते, बाबा, तू मुद्दाम उशीर करतोस."

"मग सांग ना साहेबांना!"

"सांगितलं. ते म्हणाले, तुला काढलं तर लोक माझ्या घरावर दगड मारतील, एवढी स्पर्धा काढ. आणि मीच नको म्हणालो, तर जन्मभर ऐकायचं, की बाद फेरीत पळाला. चौदा वर्षं खेळलो त्याचं काय उरलं मग?" त्याने पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही लोक आहात. लोकांनीच काढा म्हटलं, तर त्यांचीही सुटका, माझीही. फक्त जरा जोरात लिहा. 'विचार व्हावा' वगैरे नको. आणि हाताचं कोणाला सांगू नका, काका. घरीसुद्धा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा रग्बीबद्दलचं माझं एखादं मत खरं ठरलं होतं. आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

रिक्षातून मी आडवा घरी आलो. संध्याकाळी माझ्या पलंगाभोवती मंडळाची तातडीची सभा भरली. मला वाटलं, आता पत्र जोरदार करून घेऊ. पण डॉक्टर उठले.

"मी ठराव मांडतो की पत्र रद्द करावं. अहो, काय माणूस आहे! स्वतः मान धरून बसलाय आणि आपल्या अध्यक्षांना कडेवर घेतो!"

"माझ्या शिवणीला हात लावून बघितलंन त्याने," मास्तर म्हणाले. "म्हणाला, अशी जर्सी चौदा वर्षांत मिळाली नाही. त्याला काढायचं?"

"मी तर आधीपासून म्हणत होतो," मेहुणा म्हणाला. तो असं काहीच म्हणाला नव्हता.

"कपाटाला काढलंच पाहिजे," मी उशीतून म्हणालो.

"का पण?"

"कारण सांगता येत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांच्या दवाखान्यात मी पैसे न देता पळालो असतो तरी तसं पाहिलं नसतं. "त्याने तुम्हाला उचललं त्याचा राग आहे तुम्हाला. अपमान वाटला तुम्हाला."

मत घेतलं. पत्राच्या विरोधात पाच. वरच्या मजल्यावरच्यांनी तर लिफ्टचा विषय निघेपर्यंत सगळ्यालाच विरोध करायचं ठरवलं होतं. बाजूने मी. आणि शेवटी हिने हात वर केला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "तू का?"

"तुमच्याकडे खोटं कारण असतं, तर तुम्ही साडेचार पानं सांगितलं असतंत," ही म्हणाली. "सांगत नाही आहात, म्हणजे काहीतरी खरं असणार. औषध घ्या."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

सकाळी मी हिच्याकडूनच कागद मागवला आणि पालथं पडून नवीन पत्र लिहिलं. एकच ओळ. "कपाट यांना बाद फेरीच्या सामन्यातून वगळावे, ही समर्थकांची ठाम मागणी आहे." खाली माझी सही. कलम नऊ. मग काठी टेकत, साधारण साठ अंशात, महामंडळाच्या काउंटरवर गेलो.

बाईंनी पत्र उलटं-सुलटं करून पाहिलं. "पूर्ण आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

दुपारी प्रशिक्षकांनी पत्रकारांसमोर माझं पत्र वाचून दाखवलं. समर्थकांच्या भावनेचा आदर म्हणून जड अंतःकरणाने हा निर्णय घेत आहोत, असं म्हणताना त्यांचं अंतःकरण मला बऱ्यापैकी हलकं वाटलं. अध्यक्ष म्हणून माझं संपूर्ण नाव त्यांनी दोनदा घेतलं.

सामना मी घरीच पाहिला, कारण मास्तरांच्या दुकानाच्या दारावर 'फक्त समर्थकांसाठी' असा पुठ्ठा लागला होता. सामन्याला दोन मिनिटं उरली असताना बरोबरी होती. आपल्या गोलरेषेजवळ स्क्रम लागला. ट्रॅक्टर वाकला, आणि इतका खाली गेला, की सरळ जमिनीवरच झोपला. समोरच्यांना पेनल्टी मिळाली आणि त्यांनी चेंडू खांबांमधून मारला. तीन गुणांनी हरलो.

खाली गल्लीत मास्तरांच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एकाच लिफाफ्यात पाच राजीनामे आले. मॉर्निंग वॉकला निघालेले डॉक्टर मला पाहून चप्पल बदलायला परत आत गेले. ऑफिसात माझ्या काउंटरवर एक आजी आल्या. त्यांच्या नळाला दाब नव्हता.

"बघतो, आजी."

"तू काय बघणार? स्क्रममधला होता तो दाबही घालवलास," म्हणाल्या, आणि तक्रार न नोंदवताच निघून गेल्या. मी त्यांचा पत्ता शोधून काढून दाब वाढवून दिला. त्याचेही आभार आले नाहीत.

सव्वा महिना मी असा काढला. मास्तरांकडे दिलेली पँट तशीच परत आली, वर चिठ्ठी: 'माप सापडत नाही.' कितीतरी वेळा वाटलं, दुकानात जाऊन टेबलावर मूठ आपटावी आणि सांगून टाकावं. एकदा तर पायरीपर्यंत गेलो. आत बटणं मांडलेली होती, मोठं बटण मधोमध ठेवलेलं, आणि डॉक्टर म्हणत होते, "हा असता ना..." मी वळलो.

मग एका रविवारी पेपरात बातमी आली. कपाटाच्या मानेचं ऑपरेशन झालं होतं. आणखी एक सामना खेळला असता तर हात कायमचा गेला असता, असं सर्जन म्हणत होते. कपाटाने स्वतःच सगळं सांगितलं होतं. शेवटी एक वाक्य होतं: 'हे एका समर्थकाला माहीत होतं. त्याने शिव्या खाल्ल्या, पण तोंड उघडलं नाही.'

ही बातमी हिने दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "चहा टाकते." तेवढ्यात बेल वाजली.

दारात डॉक्टर, मास्तर आणि मागे मेहुणा. मला वाटलं, आता माफी मागतील, आणि ती मोठ्या मनाने कशी नाकारायची याची मी मनात जुळवाजुळव केली.

"मला त्याच्या जबड्यावरूनच शंका आली होती," डॉक्टर आत येत म्हणाले. "नसांचं दुखणं जबड्यात दिसतं. मी बोललो नाही इतकंच."

"मी तर कॉलरवरून ओळखलं होतं," मास्तर म्हणाले. "आणा ती पँट. माप सापडलंय."

मी पँट आणून दिली. दुसरं काय करणार?

पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्याला दुकानाच्या दारात अंधार झाला. कपाट आला होता, मुलीला खांद्यावर घेऊन. मंडळाचं सदस्यत्व मिळेल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नमुना घरी आहे, बस तर खरा. मास्तरांनी दोन स्टुलं जोडून त्याला बसायला दिली. सामना सुरू झाला. पहिलाच स्क्रम कोसळला तसा कपाट म्हणाला, "ट्रॅक्टरचा पाय मागे राहिला."

"छे छे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या लक्षात येत नाहीये. स्क्रम म्हणजे जबडा."

"पाय नाही, शिवण," मास्तरांनी बटणांचा डबा उपडा केला. "थांबा, दाखवतो. हे काळं बटण बघा. आता हे तुम्ही आहात असं समजा."

"आणि चेंडू पुढे का फेकत नाहीत, ते विचारा त्यांना," मेहुणा म्हणाला.

पुढची वीस मिनिटं त्या तिघांनी कपाटाला स्क्रम समजावून सांगितला. तो गुडघ्यांवर हात ठेवून, मान डोलावत ऐकत होता. मुलीने मोठं बटण पळवलं होतं आणि ती इस्त्रीच्या टेबलावर चढून ते टीव्हीतल्या ट्रॅक्टरच्या डोक्यावर ठेवून बघत होती. शेवटी कपाट माझ्या कानाशी वाकला. किती सहज वाकला!

"काका," तो हळूच म्हणाला, "मी खेळत होतो तेव्हा हे इतकं अवघड नव्हतं हो."